बाळाचे ठोके ६२, आईची नाडी ८८: आईच्या रक्तातील प्रतिपिंडे आणि जन्मजात हार्ट ब्लॉक

यवतमाळ जिल्ह्यातला केळापूर तालुका. उपकेंद्रात तपासणीला आलेली २४ वर्षांची पहिलटकरीण. २३ आठवडे पूर्ण, वजन ४४ किलो, हिमोग्लोबिन ९.६, सिकलसेल वाहक. १९व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाला व्यंग नाही, ठोके १४८, असा अहवाल. बाळ हलतं, आईची तक्रार काही नाही. सिस्टरने पोटावर डॉप्लर, म्हणजे बाळाचे ठोके ऐकवणारं यंत्र, लावला तर ठोके मिनिटाला ६२.

यातली रुग्ण आणि तिचं कुटुंब कल्पित आहे. घटनाक्रम, आकडे आणि निर्णय मात्र अशा बाळांच्या बाबतीत जसे घडतात आणि जसे घ्यावे लागतात तसेच मांडले आहेत.

एवढे कमी ठोके ऐकू आले की पहिली शंका आईच्याच नाडीची घ्यायची. डॉप्लर कानाला, दुसऱ्या हाताची बोटं आईच्या मनगटावर, आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजणी. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. आईची नाडी आणि ऐकू येणारा ठोका एकाच तालात असेल तर तो आवाज आईच्या रक्तवाहिनीचा. प्रोब बाळाच्या पाठीच्या बाजूला सरकवून पुन्हा ऐकायचं. इथे आईची नाडी ८८ होती, बाळाचे ठोके ६२. दोन्ही वेगळे, म्हणजे ठोके बाळाचेच.

दुसरी फसगत यंत्राच्या पडद्याची. ही यंत्रं नेहमीच्या ११० ते १६० ठोक्यांसाठी बनवलेली असतात. फार संथ ठोका आला की काही यंत्रं एकाच ठोक्याचे दोन आवाज दोन ठोके म्हणून मोजतात. मग ६२ च्या जागी पडद्यावर १२४ दिसतं आणि कार्डावर ‘नॉर्मल’ अशी नोंद होते. पडद्यावरचा आकडा आणि कानाने केलेली मोजणी जुळत नसेल तर कानावर विश्वास ठेवावा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण पुढची सगळी धावपळ योग्य दिशेने होते की चुकीच्या, हे तिच्यावर ठरतं. बाळ गुदमरल्यामुळे ठोके कमी होतात तेव्हा ते खालीवर होतात, काही मिनिटांत बदलतात आणि बाळाची हालचाल मंदावते. या बाळाचे ठोके अर्ध्या तासाने मोजले तरी ६२ च होते, नियमित होते, आणि बाळ पोटात लाथा मारत होतं. ५० ते ७० च्या दरम्यान स्थिर, नियमित ठोका आणि हलणारं बाळ, असं चित्र असेल तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विजेच्या संदेशाला आलेला अडथळा, समजावा.

पण पुढे घडलं ते असं. प्राथमिक आरोग्य केंद्रातून तिला सोनोग्राफीला पाठवलं. अहवाल आला: ‘ठोके कमी, बाळ वाचण्याची शक्यता कमी’. कायद्यातली २४ आठवड्यांची मर्यादा जवळ आली आहे, लवकर ठरवा, असंही कुणीतरी सांगितलं. घरचे गर्भपाताच्या तयारीला लागले. निर्णय शेवटी कुटुंबाचाच असतो. पण तो हृदयाची रचना आणि पंपिंग न पाहता, केवळ ठोक्यांच्या आकड्यावर घ्यायला लावणं हा त्या आईवर अन्याय आहे. रचना ठीक असेल आणि अंगात पाणी साचलेलं नसेल तर अशी बहुसंख्य बाळं जगतात. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदवहीत मृत्यूचं प्रमाण सुमारे १७ ते १८ टक्के आहे, आणि त्यातले बहुतेक मृत्यू पोटात किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतले आहेत.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी चिठ्ठी बदलून दिली: ‘ठोके ६२, स्थिर, नियमित, आईची नाडी ८८, बाळाची हालचाल चांगली, हार्ट ब्लॉकची शंका, फीटल इको करावा’. फीटल इको म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी. नुसतं ‘ठोके कमी, पुढील उपचारांसाठी’ एवढंच लिहिलं असतं तर पुढच्या रुग्णालयात पुन्हा साधी सोनोग्राफी झाली असती. दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरला एक हेलपाटा फुकट गेला असता. कापूस वेचणीच्या दिवसांत त्याचा अर्थ दोघांची मजुरी बुडाली असा होतो.

फीटल इकोत काय पाहिलं

पोटातल्या बाळाचा ईसीजी सहज काढता येत नाही. त्यामुळे अलिंद आणि निलय, म्हणजे हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे, कधी आकुंचन पावतात ते प्रतिमेवरून ताडावं लागतं. एम-मोडची, म्हणजे वेळेनुसार हालचाल दाखवणारी, रेघ अलिंदाची भिंत आणि निलयाची भिंत अशी दोन्ही छेदून घेतली. पडद्यावर वरची लाट मिनिटाला १४० ने, खालची ५८ ने. दोन्ही आपापल्या जागी नियमित, पण एकमेकींशी काही संबंध नाही. हा पूर्ण, म्हणजे तिसऱ्या दर्जाचा ब्लॉक. वरून निघालेला विजेचा संदेश तो खाली पोचवणाऱ्या मधल्या गाठीत, म्हणजे एव्ही नोडमध्येच, अडतो आणि खालचे कप्पे स्वतःच्या संथ गतीने चालत राहतात.

एका सारख्या दिसणाऱ्या पण निरुपद्रवी प्रकाराला इथे वेगळं काढावं लागतं. अलिंदात अवेळी ठोके येऊन ते खाली पोचतच नसतील तरीही खालचे ठोके ७०-८० भरतात. त्यात वरच्या लाटा समान अंतरावर नसतात. दोन जवळजवळ, मग खंड, अशा जोडीने येतात. तो प्रकार बहुधा आपोआप जातो. त्याला हार्ट ब्लॉक समजून आईला स्टेरॉइड सुरू केलं तर नुकसानच होतं.

हृदयाची रचना नीट होती. हे पाहणं गरजेचं, कारण गर्भातल्या ब्लॉकपैकी जवळपास निम्म्यांमागे रचनेतलाच दोष असतो आणि तिथे आईच्या प्रतिपिंडांचा (अँटिबॉडींचा) संबंध नसतो. हृदय थोडं मोठं दिसलं. ठोके कमी असल्याने प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त फेकण्यासाठी झालेली ती तडजोड होती. पंपिंग चांगलं, हृदयाभोवती पाणी नाही, पोटात पाणी नाही, आतल्या अस्तरावर पांढुरका जाड थर नाही.

रचना नीट आणि ब्लॉक पूर्ण, म्हटल्यावर आता आईचं रक्त तपासायचं.

आई ठणठणीत, तरी कारण आईच्याच रक्तात

तिची एएनए चाचणी, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी पहिली चाचणी, तालुक्याच्या लॅबमधून निगेटिव्ह आली. इथे बऱ्याच ठिकाणी शोध थांबतो, आणि तो थांबवू नये. रो या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे, विशेषतः रो-५२ विरुद्धची, नेहमीच्या एएनए चाचणीत निसटू शकतात. मागायचा तो ईएनए प्रोफाइल, ज्यात रो-६०, रो-५२ आणि ‘ला’ हे दुसरं प्रथिन अशा तिन्ही पट्ट्या वेगळ्या दिसतात. तिच्या अहवालात दोन्ही रो जोरदार पॉझिटिव्ह, ‘ला’ सौम्य पॉझिटिव्ह. सोबत प्रमाण मोजणारी एलायझा चाचणीही केली, कारण धोका प्रामुख्याने जास्त प्रमाण असलेल्या आयांच्या बाळांना असतो.

मग मुद्दाम विचारल्यावर जुन्या गोष्टी निघाल्या. कोरडी भाकरी घशाखाली उतरवायला दर घासाला पाणी लागतं. डोळ्यांत कचकच होते. ती कापसाच्या फुफाट्याची समजून सोडून दिलेली. चोविसाव्या वर्षी चार दाढा किडलेल्या. सकाळी बोटांचे सांधे आखडतात, त्याचं खापर सिकलसेलवर फोडलेलं. विदर्भात ही गल्लत फार होते. ती फक्त वाहक आहे, आणि वाहकाला त्यापायी रोजची सांधेदुखी होत नाही. डोळ्याच्या कडेला कागदाची पट्टी लावून पाच मिनिटांत ती किती ओली होते ते पाहिलं: ४ मिलिमीटर. ५ किंवा त्याहून कमी म्हणजे कोरडेपणा. निदान शोग्रेन आजाराचं, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. अशा बाळांच्या निम्म्याहून अधिक आयांना बाळाच्या निदानाच्या वेळी कसलाच त्रास नसतो. बाळाच्या ठोक्यांवरूनच आईचा आजार पहिल्यांदा कळतो.

घडतं ते असं. आईची आयजीजी जातीची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. वारेच्या पेशींवर त्यांना पलीकडे नेणारी खास व्यवस्था असते आणि तीच बाळाला जन्मानंतरचे काही महिने जंतूंपासून वाचवते. पण ती चांगली-वाईट प्रतिपिंडे निवडत नाही. साधारण १२व्या आठवड्यापासून ही वाहतूक सुरू होते आणि दुसऱ्या तिमाहीत वाढत जाते. रो आणि ला ही प्रथिनं एरवी पेशीच्या आत असतात. वाढत्या हृदयात काही पेशी नैसर्गिकपणे मरतात तेव्हा ती पृष्ठभागावर येतात आणि प्रतिपिंडे त्यांना चिकटतात. अशा पेशी एरवी शेजारच्या पेशी गुपचूप गिळून टाकतात. आता मात्र दाह पेटवणाऱ्या भक्षक पेशी तिथे येतात. त्यांच्या स्रावांनी एव्ही नोडच्या जागी तंतुमय वण तयार होतो आणि पुढे त्यात कॅल्शियम साचतं. शिवाय ही प्रतिपिंडे हृदयपेशींच्या कॅल्शियम वाहिन्यांनाही अडथळा करतात, आणि एव्ही नोड त्याच वाहिन्यांवर चालतो. वण पडला की तो परत फिरत नाही.

बहुतेक ब्लॉक १८ ते २४-२६ आठवड्यांत होतात. आपल्या तपासणीच्या वेळापत्रकात दुसरी भेट १४ ते २६ आठवड्यांमध्ये कधीही चालते. म्हणजे १६व्या आठवड्यात येऊन गेलेली बाई थेट २८व्या आठवड्यानंतर आली तरी नोंदवहीत सगळं वेळेवर दिसतं आणि धोक्याचा सगळा काळ मधल्यामध्ये निघून जातो. या आईची १९व्या आठवड्याची सोनोग्राफी चुकली नव्हती. तेव्हा ठोके खरोखरच १४८ होते.

सासूबाईंनी वेगळं विचारलं, “डॉक्टर साहेब, पोरीचं रक्तच खराब हाये का मंग?” या प्रश्नाला बगल देऊ नये, कारण घरी जाऊन तो सुनेच्या कपाळी कायमचा चिकटतो. उत्तर नेमकं द्यावं. ही प्रतिपिंडे खाण्यापिण्याने, ग्रहणाने, शेतात वाकून काम केल्याने तयार होत नाहीत. ती असणाऱ्या १०० आयांपैकी एक-दोघींच्याच बाळाला ब्लॉक होतो. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांतही एकाला ब्लॉक आणि दुसऱ्याचे ठोके चांगले, असं नोंदलेलं आहे. म्हणजे बाळाच्या बाजूचंही काहीतरी जुळून यावं लागतं. सुनेने काही केलेलं नाही, आणि तिलाही औषधाची गरज आहे.

काय दिलं, काय दिलं नाही

पूर्ण ब्लॉक कोणत्याही औषधाने उलटत नाही. स्टेरॉइडपैकी डेक्सामेथासोन वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं, तर प्रेडनिसोलोन वारेतच बरंचसं निष्प्रभ होतं. म्हणून द्यायचंच तर डेक्सा, रोज ४ ते ८ मिलिग्रॅम. ते कधी द्यावं यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. ब्लॉक अर्धवट असताना, हृदयाच्या स्नायूला दाह असताना किंवा अंगात पाणी साचू लागल्यावर देण्याला आधार आहे. इथे यातलं काहीच नव्हतं. अनेक आठवडे डेक्सा दिलं तर बाळाची वाढ खुंटते, गर्भजल कमी होतं, आईची साखर आणि रक्तदाब वाढतो. ४४ किलोच्या, हिमोग्लोबिन ९.६ असलेल्या आईत न देण्याचा निर्णय झाला, आणि तो योग्यच होता. वेळेआधी प्रसूतीची भीती असताना फुफ्फुसांसाठी ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं १२-१२ तासांनी देतात तो कोर्स वेगळा. त्याला ‘हृदयाचा इलाज झाला’ समजू नये.

आईच्या आजारासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू केलं. त्याने या बाळाचा ब्लॉक जाणार नाही, हे तिला स्पष्ट सांगितलं.

दर दोन आठवड्यांनी इको, दर आठवड्याला उपकेंद्रात ठोके. ३१व्या आठवड्यात ठोके ५३ झाले आणि हृदयाभोवती पाण्याची पातळ रेघ दिसली. ५५ ची पायरी महत्त्वाची आहे; तिच्याखाली बाळाला सूज येण्याचा धोका वाढतो. ठोके वाढवणारं टर्ब्युटालीन आईला २.५ मिलिग्रॅम दर सहा तासांनी सुरू केलं. आईला धडधड, हाताला कंप. तिचा ईसीजी आणि साखर तपासत राहिले. बाळाचे ठोके ५७ वर आले आणि पाणी वाढलं नाही. चार ठोक्यांची वाढ दिसायला लहान, पण तेवढ्याने बाळाला पोटात आणखी सहा आठवडे मिळाले. या बाळांसाठी तेच सोनं असतं, कारण दीड किलोच्या बाळात पेसमेकर बसवणं फार अवघड.

प्रसूती कुठे आणि कशी, हे ३२व्या आठवड्यातच ठरवून कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘बाळाला पूर्ण हार्ट ब्लॉक. ठोके ५०-६० अपेक्षित. केवळ ठोके कमी म्हणून तातडीचं सीझर करू नये. बालहृदय विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे.’ कळांच्या वेळचं ठोक्यांचं यंत्र या बाळांत निरुपयोगी ठरतं, ते सतत धोकाच दाखवतं. ही ओळ नसती आणि रात्री कळा आल्या असत्या, तर जवळच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांचं सीझर झालं असतं आणि बाळ पेसमेकरची सोय नसलेल्या ठिकाणी जन्मलं असतं. आशाताईंनी या कार्डाचा फोटो स्वतःच्या आणि बाळाच्या वडिलांच्या अशा दोन्ही मोबाइलमध्ये ठेवला.

३७ आठवडे पूर्ण झाल्यावर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी, शस्त्रक्रियेचा चमू हजर असताना नियोजित सीझर झालं. जनआरोग्य योजनेच्या मंजुरीचं काम आधीच हाती घेतलं होतं; रेशनकार्ड आणि आईवडिलांचे आधार तयार होते.

मुलगी, २.३ किलो, लगेच रडली. ईसीजीत अलिंद १५०, निलय ५०, खालच्या ठोक्याची लाट अरुंद. ठोके वाढवणारं आयसोप्रेनालीन ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट सुरू केलं. त्याने मिळतो तो फक्त वेळ. हृदयाची रचना नीट असलेल्या नवजाताचे ठोके ५०-५५ च्या खाली, किंवा पंपिंग घसरतंय, किंवा खालच्या ठोक्याची लाट रुंद, यातलं काहीही पेसमेकरला पुरेसं कारण असतं. दुसऱ्या दिवशी रक्तातलं लॅक्टेट (अंगाला रक्तपुरवठा कमी पडतोय याची खूण) चढू लागल्यावर शस्त्रक्रिया केली. एवढ्या लहान रक्तवाहिनीतून तार नेता येत नाही. म्हणून तार हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर टाकली आणि बॅटरीची डबी पोटाच्या स्नायूमागे बसवली. गती १२०.

घरी गेल्यावर

आईला एक स्वस्त स्टेथोस्कोप दिला आणि मोजायला शिकवलं. ठोके ठरवलेल्या गतीच्या खाली गेले, बाळ दूध ओढेना, दूध पिताना कपाळावर घाम आला, किंवा टाक्यांच्या जागी लाली, सूज, पू दिसला तर त्याच दिवशी निघायचं. मूल उंच होतं तशी तार ताणली जाते आणि कधी तुटते. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. म्हणून ठरलेल्या तपासण्या आयुष्यभराच्या. काही मुलांत पेसमेकर नीट चालूनही पुढे हृदयाचा स्नायू कमजोर होतो, तेव्हा दरवर्षी इकोही हवा. मूल शेतात हिंडू लागलं की रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेपासून त्याला दूर ठेवायचं, हेही आत्ताच सांगून ठेवलं.

सहाव्या आठवड्यात डोळ्यांभोवती आणि कपाळावर लाल गोल चट्टे उठले. तेल-मालीश करून बाळाला रोज कोवळ्या उन्हात ठेवलं जात होतं. त्याच प्रतिपिंडांनी होणारा हा पुरळ ऊन लागलं की फुलतो. ऊन बंद केलं, ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० युनिट. मेडिकलमधून मिळणारी स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली क्रीम लावू दिली नाही. प्लेटलेट आणि यकृताच्या चाचण्या केल्या, ठीक होत्या. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तातून सहा ते आठ महिन्यांत संपतात आणि पुरळही जातो. एव्ही नोडवरचा वण तेवढा राहतो. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेत असतानाही चालतं.

पुढच्या बाळाची तयारी

एका बाळाला ब्लॉक झाल्यावर पुढच्या गरोदरपणात धोका १००त एक-दोनवरून १६ ते २० वर जातो. म्हणून पुढचं गरोदरपण ठरवून व्हायला हवं. तोवर तांबी बसवली. इस्ट्रोजेनच्या गोळ्या देण्याआधी रक्त गोठवणारी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे तपासायला हवीत, आणि तो अहवाल अजून यायचा आहे.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधीचं बाळ बाधित असलेल्या आयांना १०व्या आठवड्याच्या आत रोज ४०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिल्यावर ब्लॉकचं प्रमाण ७.४ टक्के राहिलं. अपेक्षित होतं सुमारे १८. आता ४४ किलोच्या बाईला ४०० म्हणजे किलोमागे ९ मिलिग्रॅम. दीर्घकाळासाठी डोळ्याच्या पडद्याच्या दृष्टीने मर्यादा ५ ची आहे. म्हणून सध्या तिला रोज २०० मिलिग्रॅम, वर्षाच्या आत डोळ्यांची पायाभूत तपासणी, आणि तांबी काढायची ठरल्यावर ४००, प्रसूतीपर्यंतच. पडद्याची हानी बहुधा अनेक वर्षांच्या वापराने होते, आणि दहा-बारा महिन्यांच्या वाढीव डोसापेक्षा बाळाचा धोका मोठा आहे.

१६व्या ते २६व्या आठवड्यापर्यंत दर आठवड्याला फीटल इको. त्यात अलिंदापासून निलयापर्यंतचा वेळ मोजायचा. १५० मिलिसेकंदांवर गेला तर दोन-तीन दिवसांत पुन्हा. पण नॉर्मल ठोक्यापासून पूर्ण ब्लॉकपर्यंतचा प्रवास २४ तासांच्या आतही होतो, त्यामुळे आठवड्याचा इको एकटा पुरत नाही. या दहा आठवड्यांत उपकेंद्राचा डॉप्लर आशाताईंकडे राहील आणि दिवसातून तीनदा मोजणी होईल: सकाळी शेतावर जाण्याआधी, दुपारी, झोपताना. ठोके ११० च्या खाली, किंवा मधूनच एखादा ठोका गळल्यासारखा अनियमित आवाज आला, तर उद्याची वाट न पाहता त्याच रात्री गाडी काढायची. अर्धवट ब्लॉकवर उपचाराला काही अर्थ असतो तो पहिल्या काही तासांतच. नागपूरच्या डॉक्टरांचा नंबर, डेक्साच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि गाडीवाल्याचं नाव कार्डाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे. गोळी मात्र फोनवर विचारल्याशिवाय सुरू करायची नाही.